पाळीव प्राण्यांसाठीचा आपत्कालीन संच: चिपळूणच्या पाण्याच्या हिशेबाने केलेली पारख

मे महिना सरत आला की कोकणात आगोटीची बेगमी सुरू होते. कौले परतून घेणे, पडवीला झापे बांधणे, तांदूळ आणि सुकी मासळी डब्यांत भरून ठेवणे ही कामे आमच्या चिपळुणात आजही अनेक घरांत होतात; मात्र घरातल्या कुत्र्यामांजरांसाठीही काही बेगमी करून ठेवावी, हा विचार 2021 च्या पुरापर्यंत माझ्या मनात कधी आला नव्हता. यंदा पाळीव प्राण्यांसाठी तयार मिळणारा एक आपत्कालीन संच मी ऑनलाइन मागवला आणि मे व जून असे दोन महिने तो आमच्या घरी वापरून, भिजवून आणि पाण्यात टाकून पाहिला.

संचाची किंमत 4,850 रुपये पडली. त्यात पाठीवर घेण्याची सुमारे 35 लिटरची पिशवी, मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी तरंगते जाकीट, मांजरासाठी घडी होणारी कापडी पेटी, प्रथमोपचाराचा बटवा, घडीच्या दोन वाट्या, एक दोरी, गळ्यात अडकवण्याचा बिल्ला, कोरड्या खाद्याची दोन पाकिटे आणि एक इंग्रजी माहितीपत्रक एवढ्या वस्तू होत्या. अशाच वस्तू थोड्याफार फरकाने अनेक नावांनी विकल्या जातात, त्यामुळे उत्पादकाच्या नावापेक्षा एकेका वस्तूविषयी बोलणे वाचकांच्या अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

कोणत्या कसोटीवर हा संच घासून पाहिला ते आधी सांगितले पाहिजे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शीव या नद्यांचे पाणी शहरात शिरले तेव्हा आम्ही मुरादपुरातल्या आमच्या जुन्या घरात होतो. पौर्णिमा अगदी जवळ आलेली होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते आणि खाडीला भरती असली की नदीचे पाणी ओसरायला वाट राहत नाही, हे चिपळुणात लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही पाणी पायरीला लागल्यापासून ते ओटी बुडेपर्यंत किती थोडा वेळ मिळतो, याचा अंदाज 2005 चा पूर पाहिलेल्या माझ्या सासूबाईंनाही आला नाही. आमच्या तेव्हाच्या कुत्रीला मी चादरीत गुंडाळून माळ्यावर नेले. मांजर वाशांवर चढून बसले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत खाली आलेच नाही. शेजारच्या अंगणातला कुत्रा मात्र साखळीला बांधलेला होता. त्याचे भुंकणे आम्हांला ऐकू येत होते, पण मधल्या गल्लीतून पाण्याचा इतका ओढ होता की त्याच्यापर्यंत कोणालाही पोहोचता आले नाही. ती आठवण माझ्या मनातून गेलेली नाही आणि म्हणून या संचातल्या प्रत्येक वस्तूला मी एकच प्रश्न विचारला: रात्रीच्या अंधारात, वीज गेलेली असताना, घरात एकटेच माणूस असेल आणि पाणी कमरेपर्यंत आले असेल, तर ही वस्तू खरोखर उपयोगी पडेल का?

या कसोटीवर पिशवी उतरली नाही. विक्रेत्याच्या वर्णनात ती जलरोधक असल्याचे म्हटले आहे आणि तिचे कापड खरोखरच चांगले आहे, पण चेन साधी आहे आणि शिवणी आतून बंद केलेल्या नाहीत. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत मी तिच्यात वर्तमानपत्राच्या घड्या भरून ती पन्हळीच्या धारेखाली अर्धा तास ठेवली. चेनेच्या बाजूच्या सर्व घड्या चिंब झाल्या आणि तळाशी पेलाभर पाणी साचले. शहरी सरीतून गाडीपर्यंत जाण्यापुरती ती पुरेल, परंतु आमच्याकडे पाऊस चार चार दिवस थांबत नाही. त्यावर उपाय सोपा निघाला. आतले सगळे सामान जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड पिळून, दुमडून रबराने घट्ट बांधले आणि लसीकरणाची पुस्तिका, औषधे व विजेरी एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, तेव्हा पुन्हा केलेल्या चाचणीत आत थेंबही गेला नाही. हा उपाय आपल्यालाच करायचा असेल तर 35 लिटरच्या कोणत्याही मजबूत शाळकरी पिशवीनेही काम भागेल, हेही नमूद करायला हवे. पिशवीच्या पट्ट्या मात्र रुंद आणि पक्क्या आहेत. साडेसहा किलो भार घेऊन माळ्याची शिडी चढताना त्या खांद्याला रुतल्या नाहीत.

तरंगते जाकीट ही या संचातली सर्वांत मोलाची वस्तू आहे. आमचा सध्याचा कुत्रा, खंड्या, 18 किलोचा गावठी कुत्रा आहे. मे महिन्यात गुहागरला नातेवाइकांच्या नारळी-पोफळीच्या बागेत शिंपण्यासाठी पाणी साठवण्याची मोठी टाकी आहे, तिच्यात मी स्वतः उतरून त्याला हे जाकीट घालून पोहायला लावले. पावसाळ्यात समुद्रात किंवा नदीत अशी चाचणी कोणीही करू नये. जाकिटाने त्याचा पुढचा भाग आणि मान पाण्यावर नीट तोलून धरली, तो दमल्यावर हातपाय हलवायचा थांबला तरी नाक पाण्याबाहेर राहिले, आणि पाठीवर शिवलेल्या मुठीला धरून मी त्याला एका हाताने काठावर ओढून घेऊ शकले. होडीत किंवा जिन्यावर घाबरलेल्या कुत्र्याला उचलून घ्यायचे असते तेव्हा ही मूठ म्हणजे अर्धे काम आहे, कारण भेदरलेला कुत्रा आपल्या माणसालाही चावतो आणि त्याच्या पोटाखाली हात घालायला वेळ किंवा जागा मिळतेच असे नाही. रंग भडक नारिंगी असल्याने गढूळ पाण्यातही तो दिसेल. दोष एकच, पण गंभीर आहे: पोटाखालच्या पट्ट्याच्या प्लॅस्टिकच्या बक्कलात वाळूचे कण गेले की ते पूर्ण बसत नाही आणि ओढ बसताच सुटते. पुराचे पाणी म्हणजे चिखलाचेच पाणी असते, त्यामुळे मी त्या बक्कलाच्या जोडीला गावातल्या चांभाराकडून धातूच्या कडीचा एक पट्टा शिवून घेतला. खरेदी करताना कुत्र्याच्या छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागून मोजावा. वजनावरून माप निवडले तर जाकीट सैल येते, आणि सैल जाकीट पाण्यात डोक्यावरून निघून जाते.

मांजराच्या कापडी पेटीविषयी माझे मत अगदी प्रतिकूल आहे. ती घडी होते, हलकी आहे, कपाटात मावते, आणि हेच गुण संकटात अवगुण ठरतात. ओली झाल्यावर तिच्या बाजू आत कोसळल्या, आणि आमच्या सोनीने जाळीच्या कोपऱ्यात नखे घालून दहा मिनिटांच्या आत बोट जाईल एवढे भोक पाडले. निवारा केंद्रात किंवा टेम्पोच्या मागच्या भागात मांजर एकदा निसटले की ते सापडणे जवळजवळ अशक्य असते. त्याऐवजी कठीण प्लॅस्टिकची, वरूनही उघडणारी पेटी घ्यावी; मला ती 1,500 रुपयांना मिळाली. घाबरलेल्या मांजराला समोरच्या दारातून ढकलणे फार कठीण जाते, पण वरून, मागचे पाय आधी सोडून, त्याला सहज आत ठेवता येते. पेटी कोणतीही असो, ती मांजराला परकी असता कामा नये. मी दोन आठवडे सोनीचे जेवण त्या पेटीतच वाढले, आता ती दुपारी तिथेच झोपते, आणि पहिल्या दिवशी जे काम करायला वीस मिनिटे आणि हातावर ओरखडे लागले ते आता एका मिनिटाच्या आत होते. ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांनी निदान जाड उशीचा अभ्रा हाताशी ठेवावा. मांजराला त्यात घालून तोंड सैलसर बांधले तर थोड्या अंतरापर्यंत ते सुखरूप नेता येते आणि कापडातून त्याला श्वासही घेता येतो.

दोरीची लांबी पुरेशी आहे आणि कडी मजबूत आहे, एवढे सांगून तिचे परीक्षण संपवता आले असते. परंतु कोकणात बांधण्याच्या सवयीविषयी बोलल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. चढत्या पाण्यात बांधलेला प्राणी म्हणजे मृत्यूच्या दारात ठेवलेला प्राणी. हवामान विभागाने नारिंगी किंवा लाल इशारा दिला की त्या रात्री कुत्र्याला साखळीला बांधू नये. त्याला घरात, शक्यतो वरच्या मजल्यावर घ्यावे. गोठ्यातल्या गाईम्हशींसाठी या संचात काहीच नाही आणि असण्याची अपेक्षाही नाही, पण त्यांचे दावे एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधणे आणि पाणी गोठ्याकडे येताना दिसताच त्यांना मोकळे करून उंच जागी हाकणे, याला एक पैसाही लागत नाही. पाणी ओसरल्यावर मात्र उलट करावे. कुत्र्याला दोरीवरच ठेवून घरात न्यावे, कारण पुरानंतर फुरसे, घोणस यांसारखे विषारी साप अडगळीत, लाकडांच्या ढिगात आणि भिजलेल्या गाद्यांखाली आसरा घेतात आणि नाक खुपसून शोध घेणाऱ्या कुत्र्याला पहिला दंश होतो.

प्रथमोपचाराच्या बटव्यात पट्ट्या, कापूस, जखम धुण्याचे द्रावण, बोथट टोकाची कात्री आणि गोचीड काढण्याचा चिमटा आहे, आणि या वस्तूंची प्रत चांगली आहे. वेदनाशामक गोळ्यांसाठी त्यात एक रिकामा कप्पा ठेवला आहे, पण तिथे काय ठेवू नये हे कुठेही लिहिलेले नाही, ही मला धोकादायक चूक वाटते. घरात असलेली पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते, तिचा लहानसा तुकडासुद्धा; आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्या कप्प्यात मी पशुवैद्यांनी वजन पाहून लिहून दिलेली औषधे आणि त्यांच्याच अक्षरातली मात्रेची चिठ्ठी ठेवली आहे.

बटव्यात मावणार नाही अशी एक गोष्ट इथेच सांगते, कारण माझ्या मते ती साऱ्या संचाहून महत्त्वाची आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. हा रोग उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून पसरतो, कुत्र्यालाही होतो, आणि आजारी कुत्र्याकडून माणसाला लागू शकतो. कुत्र्यांना दरवर्षी देण्यात येणाऱ्या संयुक्त लसीत त्याचा समावेश असतो, मात्र पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. म्हणजे जूनमध्ये पाऊस कोसळू लागल्यावर पशुवैद्यांकडे जाऊन उपयोग नाही, एप्रिलमध्येच सुरुवात करायला हवी. रेबीजची लसही चालू असली पाहिजे, कारण निवाऱ्याच्या गर्दीत अनोळखी कुत्री एकत्र येतात आणि चावाचावी होते. पुराच्या पाण्यातून आलेल्या प्राण्याचे पंजे आणि पोट स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावे आणि धुणाऱ्याने हातात मोजे घालावेत. संचात मोजे नाहीत. मी त्यात दोन जोड ठेवले.

खाद्याची दोन पाकिटे खंड्याला दीड दिवस पुरली असती. त्यांच्या तुटपुंजेपणापेक्षा मला वेगळीच काळजी वाटली: आमच्याकडची बहुतेक कुत्री भात आणि मासळीवर वाढलेली असतात, त्यांना संकटाच्याच दिवशी प्रथम कोरडे दाणे दिले तर ती एकतर तोंड लावत नाहीत किंवा त्यांचे पोट बिघडते. म्हणून महिनाभर आधीपासून रोजच्या भातात थोडे दाणे मिसळून सवय लावली. सुका बोंबील किंवा सुकट टिकते खरे, पण त्यात मीठ फार असते. द्यायचेच झाले तर धुऊन, भिजवून, थोडे द्यावे, नाहीतर पाण्याची टंचाई असताना तहान वाढते. मांजराच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते, कारण दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो. भीतीने ते उपाशी बसले तर त्याच्या आवडीचा वास असलेले काहीतरी जवळ हवे. पाण्याचा हिशेब साधा आहे. कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे खंड्याला रोज साधारण एक लिटर आणि चार किलोच्या सोनीला पाव लिटरच्या आत. आठवड्याचे दोघांचे पाणी नऊ लिटरच्या आसपास जाते. ते पाठीवर घेऊन पळता येणार नाही, म्हणून दोन लिटर पिशवीत आणि उरलेले झाकणाच्या कॅनमध्ये माळ्यावर अशी विभागणी मी केली आहे. आठवडा का, असे कोणी विचारेल, तर 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकल्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांना विजेविना आठवड्यांमागून आठवडे काढावे लागले होते, हे आठवावे. तीन दिवसांची तरतूद इथे पुरत नाही.

बिल्ल्यावर चौकोनी संकेतचिन्ह (क्यूआर कोड) कोरलेले आहे. ते मोबाइलने टिपले की मालकाची माहिती उघडते. कल्पना उत्तम आहे, परंतु त्यासाठी इंटरनेट लागते आणि वादळात सर्वप्रथम तेच जाते. मी बिल्ल्याच्या कोऱ्या बाजूवर आमचा एक आणि पुण्यातल्या नणंदेचा एक असे दोन क्रमांक कोरून घेतले, कारण चिपळूण बुडाले तर चिपळुणातला फोन कोण उचलणार? प्राण्यांच्या कातडीखाली सूक्ष्मचिप बसवून घ्यायचीही माझी तयारी आहे. तीवर 15 अंकी क्रमांक असतो, तो वाचायला वेगळे यंत्र लागते आणि प्राणी कुठे आहे हे ती सांगत नाही, हे मात्र समजून घ्यावे. प्राण्यासोबत आपला स्वतःचा एक छापील फोटो, लॅमिनेट करून, पिशवीत ठेवला तर मालकी सिद्ध करायला त्याचा उपयोग होतो.

माहितीपत्रक वाचून मला वाईट वाटले. ते अमेरिकेतल्या वाचकासाठी लिहिलेले आहे. गाडीच्या डिकीत काय ठेवावे आणि वाटेतल्या कोणत्या प्रकारच्या लॉजमध्ये प्राणी चालतात याची त्यात चर्चा आहे. त्या देशात 2005 च्या कॅटरिना वादळात असंख्य लोकांना आपले प्राणी मागे सोडावे लागले आणि पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, स्थलांतराच्या सरकारी आराखड्यांत पाळीव प्राण्यांचा विचार करण्याचा कायदा झाला. त्यामुळे तिथल्या वाचकाला ते पत्रक पुरेसे असेल. आमच्याकडे मी एका निवारा केंद्राविषयी चौकशी केली तेव्हा कुत्रा बाहेरच्या व्हरांड्यात बांधावा लागेल असे उत्तर मिळाले. म्हणून जायचे कुठे, हे पावसाआधीच ठरवून ठेवावे लागते. आम्ही उंचावरच्या एका परिचितांच्या घरी दोन्ही प्राण्यांना घेऊन येण्याची परवानगी मागून ठेवली आहे. उंच म्हणजे सुरक्षित असेही नाही. 22 जुलै 2021 रोजीच महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, म्हणून डोंगराच्या कुशीतले घर आम्ही मुद्दाम टाळले. पत्रकाच्या जागी मी एक मराठी कागद लावला आहे: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा 1962, आमच्या पशुवैद्यांचा क्रमांक, आणि त्या महिन्यातल्या अमावास्या-पौर्णिमेच्या तारखा व भरतीच्या वेळा. उधाण आणि लाल इशारा एकाच दिवशी आले तर पाणी दिसण्याची वाट न पाहता दुपारीच निघायचे, असे आम्ही ठरवले आहे.

घडीच्या वाट्या चांगल्या आहेत.

संपूर्ण संच घ्यावा असे मी सुचवणार नाही. तरंगते जाकीट आणि बिल्ला वेगळे मिळत असतील तर तेवढेच घ्यावेत, कठीण पेटी स्वतंत्र घ्यावी आणि उरलेले सामान घरच्या पिशवीत भरावे; माझ्या हिशेबाने खर्च जवळपास तेवढाच होतो आणि वस्तू अधिक भरवशाच्या मिळतात. ज्यांना स्वतः जमवाजमव करायला वेळ नाही, विशेषतः एकटे राहणाऱ्या वृद्धांना, त्यांच्या मुलांनी हा संच आणून वर सांगितलेल्या दुरुस्त्या करून दिल्या तरी चालेल. बक्कलाबद्दल विक्रेत्याला कळवले, तेव्हा त्याने आठवडाभरात नवे बक्कल पाठवले, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. मात्र नवेही त्याच घडणीचे आहे, त्यामुळे चांभाराचा पट्टा मी काढलेला नाही. पिशवी आता माळ्याच्या शिडीच्या वरच्या पायरीशेजारी खुंटीला आहे, जाकीट तिच्यावर आणि सोनीची पेटी तिच्याखाली. दर पंधरवड्याला रात्री दिवे मालवून आम्ही सगळे वर नेतो. गेल्या खेपेला सासूबाईंनी एकटीने, दोन्ही प्राण्यांसह, सहा मिनिटांत ते केले.